पाचशे मीटर, पण कोणाच्या घरापासून?



पवनचक्क्यांचा विषय काढला की आपल्या चळवळीत दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक म्हणजे, हा जमीनवाल्यांचा आणि कंपन्यांचा मामला आहे, आपली तिथे जमीनच नाही तर आपला संबंध काय? दुसरी म्हणजे, हा पर्यावरणवाल्यांचा विषय आहे, तो पुण्या-मुंबईच्या लोकांनी बघावा. आम्हाला दोन्ही चुकीच्या वाटतात, आणि पहिली तर जास्तच. आपली जमीन नाही म्हणूनच आपला संबंध आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर पंखा उभा राहतो त्याला भाडं मिळतं. ज्याचा सातबाराच नाही त्याला रात्रभर आवाज मिळतो.

या लेखात आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. पवनचक्की उभी राहण्याआधी तिच्या आवाजाचा अंदाज कागदावर कसा बांधला जातो, त्यातला घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज कसा गळतो, आणि त्या गळतीबरोबर आपली वस्ती नकाशावरून कशी गायब होते. विषय तांत्रिक आहे. थोडा घाम गाळावा लागेल. पण तांत्रिक आहे म्हणून सोडून दिला की तो आपोआप त्यांच्या हातात जातो, हे आपण आरक्षणाच्या बिंदुनामावलीपासून धरणांच्या पुनर्वसनापर्यंत प्रत्येक ठिकाणी पाहिलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आम्ही पवनऊर्जेच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना वीज हा विषय बाबासाहेबांकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय या देशाचं औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय शेतीवर लादलेला माणूस मोकळा होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळाची पायाभरणी त्याच काळातली. त्या माणसाचे अनुयायी विजेला विरोध करणार नाहीत. आमचा प्रश्न एवढाच आहे की विजेचा हिशोब करताना माणसांचा हिशोब कोण करतो आणि कोणत्या पट्टीने.

आता हिशोबाकडे वळू.

एखाद्या मोठ्या पवनचक्कीची ध्वनिशक्ती १०५ डेसिबल धरा. आजच्या दोन-तीन मेगावॅटच्या यंत्रांना हा आकडा साधारण लागू पडतो. आवाज सगळीकडे पसरतो, म्हणून अंतर वाढेल तसा तो कमी होतो. ५०० मीटरवर नुसत्या पसरण्यामुळे तो ६५ डेसिबलने घटतो, उरतात ४०. जमिनीवरून परतणाऱ्या आवाजाचे दोन-तीन मिळवा, हवा शोषून घेते ते एक-दोन वजा करा, हाती येतात ४१-४२ डेसिबल. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. झालं. सल्लागार लिहून मोकळा होतो : मर्यादेच्या आत.

पण पंखा एकटा नसतो. तेवढ्याच अंतरावर असे चार पंखे असतील तर ६ डेसिबल वाढतात आणि आकडा ४७-४८ वर जातो. हे गणित दहावीच्या पोराला शिकवता येतं. आम्हाला वाटतं, ते प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या पाच-दहा पोरांना आलंच पाहिजे. कारण जनसंवादाच्या नावाखाली होणाऱ्या बैठकांत ‘४२ डेसिबल’ हा आकडा असा फेकला जातो की समोरचा गप्प बसावा. मराठवाड्यातल्या अशाच एका बैठकीत आमच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, “साहेब, हे ४२ एका पंख्याचे की सगळ्यांचे?” साहेबांनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागवला.

आणि हा तर सोपा भाग झाला. खरी गोम त्या ४२ च्या पोटात आहे.

डेसिबलच्या पुढे कंसात एक अक्षर असतं : ए. ते कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा की मोजलेला आवाज जसाच्या तसा घेतलेला नाही, त्याला चाळणी लावली आहे. माणसाच्या कानाला खालच्या पट्टीतले सूर कमी ऐकू येतात, म्हणून मोजताना ते सूर कमी धरायचे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कानाला कोणता सूर किती मोठा वाटतो याच्या वक्ररेषा काढल्या, त्यातून पुढे ही चाळणी आली. हळू, साध्या आवाजांसाठी ती ठीक आहे. पण तिचं गणित बघा. ६३ हर्ट्झच्या सुरातून ती २६ डेसिबल कापते. ३१.५ हर्ट्झमधून ३९. २० हर्ट्झमधून तब्बल ५०.

समजा तुमच्या दारात एकूण आवाज ४० आहे आणि त्याशिवाय ६३ हर्ट्झचा, म्हणजे लांबवर ट्रक चालू ठेवल्यासारखा, ५५ डेसिबलचा घुमारा आहे. या सुराला कानाचा उंबरठा साधारण ३७-३८ डेसिबल असतो, म्हणजे ५५ चा घुमारा तुम्हाला स्वच्छ ऐकू येतो. चाळणी लावली की त्याचे २९ उरतात. ४० मध्ये २९ मिळवले की किती होतात? डेसिबलच्या बेरजेत ४०.३. एक अख्खा घुमारा अहवालात ०.३ होऊन बसतो. अहवालात काहीही खोटं लिहिलेलं नसतं. फक्त ज्याचा आवाज खालचा त्याला मोजताना जवळजवळ शून्य धरायचं, हा नियम आधीच ठरलेला असतो. आपल्या लोकांना हा नियम वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये.

पुढे घरात काय होतं ते बघा. वरच्या पट्टीतला सळसळाट भिंत अडवते, दार अडवतं. खालचा घुमारा भिंतीतून आत येतो. म्हणजे घराबाहेर ज्याला दोन्ही आवाज मिसळून ऐकू येतात, त्याला घरात, रात्री, अंथरुणावर फक्त घुमारा ऐकू येतो. आणि हे सगळं विटांच्या पक्क्या घराचं. डेन्मार्कमध्ये २०१२ पासून कायदा आहे की पवनचक्कीचा १० ते १६० हर्ट्झमधला आवाज घराच्या आत २० डेसिबलच्या पुढे जाता कामा नये, आणि तो परवानगीआधी हिशोबाने दाखवायचा. त्या हिशोबात घराच्या भिंती किती आवाज अडवतात याचे आकडे धरले आहेत, ते डॅनिश घरांचे. बंद खिडक्या, जाड भिंती, थंडीसाठी बांधलेली घरं. आमच्या वस्तीतलं घर म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पत्र्यावर दगड. पत्रा आवाज अडवत तर नाहीच, खालच्या सुरांवर तो स्वतःच थरथरायला लागतो. अशा घरात किती आवाज आत येतो याचे आकडे कोणत्या अहवालात असतात? आम्ही चाळलेल्या अहवालांत ‘घर’ म्हणजे सिमेंटचं घर आणि ‘खिडकी’ म्हणजे काचेची खिडकी.

मग सल्लागार कोणतं सूत्र वापरतात? बहुतेक अहवालांत १९९६ सालच्या आयएसओ ९६१३ भाग २ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख सापडेल. ते मानक कारखाने, रस्ते अशा जमिनीजवळच्या आवाजासाठी लिहिलं गेलं. त्याने स्वतःच सांगितलं आहे की त्याची तीन डेसिबल इकडेतिकडे ही अचूकता हजार मीटरपर्यंतच्या अंतराला आणि सरासरी तीस मीटरपर्यंतच्या उंचीला लागू आहे. आजच्या पंख्याचा मध्य शंभर-सव्वाशे मीटरवर असतो. शिवाय ते सूत्र सुरूच होतं ६३ हर्ट्झच्या पट्ट्यापासून. त्याखालचा आवाज मोजून कमी आला असं नाही, त्याखाली मोजायला रकानाच नाही. जातगणनेत रकाना नसला की जात नसते, तसं हे. २०२४ मध्ये त्या मानकाची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात पवनचक्क्यांसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं गेलं. ज्यांनी मानक लिहिलं त्यांनाच जुनं पुरत नव्हतं हे कळलं, तर आपल्याकडच्या अहवालात जुनं का, हा प्रश्न आपण विचारायला मोकळे आहोत.

हवा या खालच्या सुरांना थांबवत नाही हेही लक्षात ठेवा. त्याच मानकातल्या तक्त्याप्रमाणे एक किलोमीटर हवा ४००० हर्ट्झच्या सुरातून साधारण २३-३३ डेसिबल खाते, ६३ हर्ट्झमधून ०.१. म्हणून लांबच्या वस्तीला पात्यांची सळसळ येत नाही, घुमारा येतो. “इतक्या लांब काय ऐकू येतंय तुम्हाला?” असं विचारणाऱ्याने हा तक्ता उघडावा.

आता रात्रीचं. यात एक खरी गोष्ट आहे आणि ती आपल्या पोरांनी पाठच करावी अशी आहे. नेदरलँड्स आणि जर्मनीच्या सीमेवर ऱ्हेडे नावाचं पवनक्षेत्र आहे. सतरा पंखे, मध्याची उंची ९८ मीटर. सीमेपलीकडचे डच रहिवासी म्हणत, रात्री आवाज सहन होत नाही. कागद म्हणत होता, मर्यादेत आहे. ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रिट्स व्हॅन डेन बर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने रात्री-रात्री मोजलं आणि २००४ साली निष्कर्ष छापला. हिशोबकर्ते जमिनीपासून दहा मीटरवरचा वारा घेऊन वरच्या वाऱ्याचा अंदाज बांधत होते. दिवसा तो जमतो. रात्री जमीन थंड होते, खालची हवा निवांत पडते, आणि वर मात्र वारा जोरात वाहत राहतो. पंख्याच्या उंचीवर वारा अंदाजाच्या २.६ पटीपर्यंत निघाला आणि आवाज अंदाजापेक्षा १५ डेसिबलपर्यंत जास्त. १५ डेसिबल म्हणजे सुमारे तीसपट ऊर्जा. खाली वारा पडलेला असल्यामुळे झाडांची सळसळही नाही, त्यामुळे पंख्याचा आवाज झाकायला काही उरत नाही. १.९ किलोमीटरवरच्या लोकांनीही त्रास सांगितला होता, आणि तो कल्पनेचा खेळ नव्हता.

यातली आम्हाला सर्वात आवडलेली बाब वेगळीच आहे. व्हॅन डेन बर्ग विद्यापीठाच्या ज्या विभागात काम करायचे त्याला ‘विज्ञान दुकान’ म्हणतात. ज्या नागरिकांकडे तज्ज्ञ विकत घ्यायला पैसे नाहीत त्यांनी आपला प्रश्न घेऊन यावं आणि विद्यापीठाने तो तपासावा, अशी ही सोय. आमच्याकडे मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यावेत म्हणून सोळा वर्षं लढावं लागलं, घरं जळाली, माणसं गेली. १९९४ साली नाव आलं. आता त्या नावाच्या विद्यापीठात, आणि राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात, वस्तीच्या प्रश्नासाठी एक यंत्र आणि दोन विद्यार्थी का मिळू नयेत? भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या पोरांनो, प्रकल्पाचा विषय शोधताय ना? हा घ्या.

तक्रार करणाऱ्याला खुळ्यात काढणं ही जुनीच रीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावाजवळ १९७९ मध्ये २ मेगावॅटची प्रायोगिक पवनचक्की उभी राहिली. तिची पाती मनोऱ्याच्या मागच्या बाजूला होती, त्यामुळे मनोऱ्याच्या सावलीतून पातं जाताना दर वेळी धक्का बसल्यासारखा खालचा आवाज उठायचा. तक्रार केली ती साधारण डझनभर कुटुंबांनी, बाकीच्या शेकडो घरांना काही जाणवत नव्हतं. सोपं होतं त्यांना वेड्यात काढणं. नील केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी तपास केला. डोंगराच्या आकारामुळे आणि हवेच्या थरांमुळे आवाज ठरावीक घरांवरच एकवटत होता, आणि घरात शिरल्यावर खोल्या तो आणखी घुमवत होत्या. १९८७ साली केलींनी अशा आवाजाच्या त्रासाचा अंदाज बांधण्याची पद्धतच मांडली आणि सांगितलं की ‘ए’ चाळणीचा आकडा इथे उपयोगाचा नाही. म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी हे माहीत होतं. पुढे पाती मनोऱ्याच्या पुढच्या बाजूला आली आणि तो धक्का बराच कमी झाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण यंत्रं तिथेच थांबली नाहीत, ती वाढत गेली. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातल्या म्योलर आणि पेडरसन यांनी २०११ मध्ये दाखवलं की यंत्र जितकं मोठं तितका त्याच्या आवाजातला खालच्या सुरांचा वाटा मोठा.

हे महाराष्ट्रात कुठे लागू पडतं? साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार, चाळकेवाडी, तिथले जुने पंखे आठवा. साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची ती यंत्रं. आता जुनी काढून मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण २०२३ मध्ये आलं आहे. धुळे-नंदुरबार, सांगली, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, सगळीकडे नवी यंत्रं मोठीच येणार. जुन्या पंख्याची सवय झालेल्या वस्तीला “आधीपासून होतंच की” असं सांगितलं जाईल. ते आधीचं नाही. त्याचा सूर खाली सरकलेला असेल.

आणि ५०० मीटर? केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आवाजासाठी वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितलं. पंखा ऐंशी मीटरचा असो की दोनशे मीटरचा, अंतर तेच. डेन्मार्कमध्ये एकूण उंचीच्या चौपट अंतर लागतं, म्हणजे दोनशे मीटरच्या यंत्राला ८००. पण आमचा त्याहून मूळ प्रश्न आहे : ५०० मीटर मोजायला सुरुवात कोणत्या घरापासून करता?

एका अहवालात आम्ही पाहिलं. ‘ध्वनिग्राही ठिकाणं’ म्हणून गावांची यादी होती आणि प्रत्येक गाव म्हणजे नकाशावर एक ठिपका. ठिपका गावठाणाच्या मध्यावर, मंदिराजवळ. गाव कुठे संपतं हे ज्याने ठरवलं त्याने आपल्याला कधी गावात धरलंच नव्हतं. बौद्धवाडा गावकुसाबाहेर, त्यापलीकडे मातंग वस्ती, त्याहून पलीकडे गायरानावर पारध्यांची पालं, कुठे तांडा. ही सगळी वस्ती गावठाणापासून माळाच्या दिशेने सरकलेली, आणि पंखे उभे राहतात ते माळावरच. ठिपक्यापासून अंतर ९०० मीटर भरतं, शेवटच्या पत्र्याच्या घरापासून ते ३०० असू शकतं. पुष्कळ ठिकाणी म्हातारी माणसं सांगतात की महारवाडा गावाच्या पूर्वेला ठेवायचे, कारण वारा पश्चिमेचा, आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये. वाऱ्याचाही विटाळ. आता गंमत बघा. पंख्यांना जास्तीत जास्त वारा मिळतो तो पावसाळ्यातला, पश्चिम-नैऋत्येचा. आवाज वाऱ्याच्या दिशेने सर्वात लांब जातो. माळ वस्तीच्या पश्चिमेला असेल तर हंगामभर आवाज कोणाच्या घरावर येणार, हे काढायला संगणक लागत नाही.

गायरानाबद्दल आणखी दोन शब्द. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. कितीतरी कुटुंबं आजही त्या कागदाच्या प्रतीक्षेत आहेत. कागद नाही म्हणून घर ‘अनधिकृत’, अनधिकृत म्हणून नकाशात नाही, नकाशात नाही म्हणून आवाजाच्या हिशोबात नाही. कान मात्र अधिकृत आहेत. आदिवासी भागातही तेच. भीमाशंकरजवळच्या पवनप्रकल्पाबाबत माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात वनहक्कांची अंमलबजावणी न झाल्याचं नोंदवून ठेवलं आहे.

कायदा काय करतो? २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनप्रकल्प नाहीतच, म्हणून त्या कायद्याखालची जनसुनावणीही नाही. २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे रंग पाडले, त्यात पवनऊर्जा ‘पांढऱ्या’ वर्गात गेली, म्हणजे मंडळाची संमतीही नको. गावाच्या पांढरीत आपल्याला कधी जागा नव्हती, आणि हा नवा पांढरा रंगही आपल्या कामाचा नाही. आवाजाचे जे अहवाल दिसतात ते बहुधा परदेशी कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अटींमुळे. म्हणजे आपल्या झोपेची काळजी आपल्या सरकारपेक्षा सावकाराला जास्त, तीही त्याच्या पैशासाठी. उरतात ध्वनिप्रदूषण नियम २०००. त्यांत नियम ७ म्हणतो, तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त हवा, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग हवा. आणि मोजणी पुन्हा त्याच ‘ए’ चाळणीतून.

बीड जिल्ह्यात पवनचक्की म्हटलं की आज लोकांना एकच शब्द आठवतो, खंडणी. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला त्यानंतर टीव्हीवर महिनोन्‌महिने पवनऊर्जेची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पंख्याभोवती कोणाचा पैसा फिरतो यावर इतकं बोलणाऱ्या एकाही वाहिनीने पंख्याखाली कोण झोपतो हे विचारलं नाही.

पैशाचा आणि आवाजाचा संबंध तर मोजलेलाच आहे. नेदरलँड्समध्ये ७२५ लोकांना विचारून केलेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. पंख्यातून ज्यांना उत्पन्न मिळत होतं त्यांना, आवाज तेवढाच असूनही, त्रास जवळजवळ वाटत नव्हता. कंपनीवाले हा अभ्यास दाखवून म्हणतात, बघा, त्रास मनाचा आहे. आम्ही तोच अभ्यास घेऊन म्हणतो, बघा, बैठकीला तुम्ही कोणाला बोलावता! ज्यांनी भाडेकरार केले त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, त्यांनी “आम्हाला काही त्रास नाही” म्हणायचं, आणि तेच ‘ग्रामस्थांचं मत’ म्हणून लिहायचं. आपल्या वाट्याला आला तर रखवालदाराचा डगला, तोही कंत्राटदाराचा.

आता आपल्याच बाजूच्या लोकांना दोन गोष्टी सुनवायच्या आहेत. पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, ढग कापले जातात, हे सातारा-सांगली-धुळ्याकडे वर्षानुवर्षं बोललं गेलं. त्याला काडीचाही आधार नाही, आणि त्याने नुकसान आपलंच झालं. कारण पुढे कोणी आवाजाची खरी तक्रार घेऊन गेला की अधिकारी हसून म्हणतो, “तुम्ही तेच ना, पाऊस पळवणारे?” दुसरी गोष्ट मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ. पंख्यातून ऐकू न येणाऱ्या लहरी निघतात, त्याने गर्भपात होतो, हृदय बंद पडतं, वगैरे. २० हर्ट्झच्या खालच्या लहरी निघतात हे खरं, पण घरापर्यंत येताना त्या ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या बऱ्याच खाली असतात. ऑस्ट्रेलियात ३७ माणसांना ७२ तास प्रयोगशाळेत अशा लहरींत ठेवून पाहिलं, २०२३ मध्ये निष्कर्ष छापला, परिणाम सापडला नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्याने १२३८ लोकांचा अभ्यास २०१४ मध्ये जाहीर केला. त्यात आवाज वाढेल तसा वैताग वाढतो हे स्पष्ट दिसलं, आजारांशी संबंध दिसला नाही. पात्यांचा जो ‘हूप-हूप’ ठेका मिनिटाला तीस-चाळीस वेळा येतो, त्यालाही लोक न ऐकू येणारी लहर समजतात. तो ऐकू येणाराच आवाज आहे, फक्त कमी-जास्त होणारा, आणि सरासरी काढली की सपाट होऊन जाणारा.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने अफवेवर लढाई उभी करू नये. आणि अफवेची गरजही नाही. रात्री झोपताना डोक्यावर घुमारा नसावा, एवढी मागणी करायला माणसाला आधी आजारी पडावं लागतं का? सकाळी सहाला उसाच्या फडावर किंवा रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची झोप मोडली, हे पुरेसं नाही का? बंगल्यांच्या सोसायटीत जनरेटर दोन तास जास्त चालला तर पोलीस येतात, त्यांना कोणी हृदयविकाराचा दाखला मागत नाही.

काम काय करायचं ते सांगतो. तुमच्या तालुक्यात नवा प्रकल्प येत असेल किंवा जुना बदलत असेल तर ग्रामसभेच्या आधी वस्तीतलं प्रत्येक घर मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह टिपा, कागद असलेलं आणि नसलेलं, पाल आणि झोपडीसुद्धा, आणि भिंत कशाची, छप्पर कशाचं, कोण म्हातारं, कोण तान्हं, तेही लिहा. ही यादी ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढवून घ्या, आणि पेसा क्षेत्रात असाल तर ठरावच करून घ्या. मग लेखी विचारा : कोणतं मानक, कोणत्या सालची आवृत्ती, जमीन मऊ धरली की कडक, कारण उन्हाळ्यातला आपला मुरमाड माळ पेरलेल्या शेतासारखा आवाज शोषत नाही. वारा कोणत्या उंचीवर आणि रात्रीचा मोजला की नाही. सगळ्या पंख्यांची बेरीज केली की एकाची. १० ते २०० हर्ट्झपर्यंतचे आकडे, चाळणी न लावता, प्रत्येक घरासाठी वेगळे. पत्र्याच्या घराच्या आत किती. उत्तर तोंडी घेऊ नका. खाजगी कंपनी माहिती अधिकारात येत नसली तरी तिने सरकारी कार्यालयात दिलेले कागद येतात, ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि महाऊर्जाकडे मागा. पंखे सुरू झाल्यावर हिवाळ्यातल्या शांत रात्री, खाली वारा पडलेला असताना, मोजणीची मागणी करा. दुपारी चार वाजता घेतलेलं मोजमाप स्वीकारू नका. ध्वनिप्रदूषण नियम हे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे आहेत, म्हणून हरित लवादाचं दार उघडं आहे, आणि तिथे जाताना सोबत घरांची ती यादी आणि ग्रामसभेची नोंद असली पाहिजे. मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका, फोनचा माइक खालचे सूर धरतच नाही, विरोधी वकील पहिल्या मिनिटात ते उडवून लावेल. त्याऐवजी वही ठेवा : तारीख, वेळ, वारा कुठून, पंखा फिरत होता का, कोण जागं झालं.

आणि वहीवर सही घरातल्या बाईची घ्या. रात्री लेकरू उठलं की जागी तीच असते.